दिवाळीच्या सीझनला गोदामात पार्ट टाईम केलंय का कुणी? शिफ्टचे अनुभव सांगा

काल बहिणीच्या पोराचा फोन आला. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, संभाजीनगरला सिडकोत रूम करून राहतो. यंदा सप्टेंबरच्या पावसात त्यांचं रान खरडून गेलं, सोयाबीन सगळं पाण्यात. म्हणला, "मामा, वाळूजला गोदामात लागलोय दिवाळीपर्यंत. पाचच तास असतंय." पाचच तास ऐकलं अन् मला २०१९ चं सगळं डोळ्यापुढं आलं.

त्या वर्षी घटस्थापनेच्या सुमारास ऑनलाईन सेल लागले. ठेकेदाराचा माणूस बाबा पेट्रोल पंपाजवळ चहाच्या टपरीवर बसूनच भरती करायचा. आधारची झेरॉक्स, पासबुकाची झेरॉक्स, दोन फोटो, झालं. वेळ सांगितली पहाटे ४ ते ९. माझं कॉलेज अकराला. म्हणलं, बसतंय.

पण चारची शिफ्ट म्हणजे गाडी आल्यावरची शिफ्ट. भिवंडीहून रात्री निघालेली गाडी चारला लागली तर ठीक. सहाला लागली तर दोन तास रिकाम्या पोत्यांवर बसून राहायचं, त्याचे पैसे नाहीत, कारण हजेरी स्कॅनर हातात घेतल्यापासून. आणि नऊला सुटणं कधीच नाही. डिलिव्हरीवाली पोरं दारात गाड्या लावून उभी, त्यांचा माल मोकळा झाल्याशिवाय गेटपास मिळत नव्हता. साडेदहा ठरलेले. कॉलेजचे पहिले दोन तास त्या महिन्यात मला माहीतच नाहीत.

सगळ्यात वाईट रोस्टर, म्हणजे उद्या कुणी यायचं त्याची यादी. रात्री दहा-साडेदहाला ग्रुपवर फोटो पडायचा. नावाला हिरवा रंग म्हणजे पक्कं. पिवळा म्हणजे स्टँडबाय. तीनला उठायचं, अंघोळ करून फोन हातात घेऊन बसायचं, बोलावलं तर जायचं. पुंडलिकनगरहून वाळूज त्या वेळेला कसं जाणार? एका गाडीवर तिघं.

२१ ऑक्टोबरला विधानसभेचं मतदान होतं. ठेकेदार म्हणला मतदान संध्याकाळपर्यंत आहे, सुटल्यावर जा की. माझं गाव घनसावंगी तालुक्यात. हे त्याला सांगूनही फरक पडला नाही.

तुम्ही पेपर, शेत, घर हे कसं बसवलं ते लिहा, पोराला वाचायला देतो. कंपनीचं नाव कुणी लिहू नका.

प्रतिसाद (आधी नाव, मग मजकूर):

जालन्याचा गणपा
स्टँडबाय 😂😂 माझ्या आईला वाटायचं पोरगं पोलीस भरतीचा अभ्यास करायलंय, तीनला उठतंय म्हणून. दोन महिने तिनं बदाम भिजवून दिले.

बजाजनगरची ताई
मी पॅकिंगला होते, २०२३. संध्याकाळी ५ ते १०. मालक कंपनीत फर्स्ट शिफ्टला, ते साडेतीनला घरी आले की लेकरू त्यांच्याकडं देऊन मी निघायची. आमची भेट दारातच व्हायची, "कुकर लावलाय" एवढंच बोलणं.

दहाला सुटायचं म्हणून सांगितलं होतं, पण दसऱ्यानंतर अकरा-साडेअकरा व्हायला लागले. तेव्हा एक बाई होती आमच्यात, रांजणगावची, तिनं सरळ विचारलं. रात्री साडेनऊच्या पुढं बाईमाणसाला थांबवायचं तर तिची लेखी संमती लागते आणि घरी सोडायची गाडी द्यावी लागते, दुकाने आस्थापनेच्या २०१७ च्या कायद्यात आहे, कुठाय आमची गाडी? सुपरवायझर गप. चौथ्या दिवशी गाडी आली. त्या आधी आम्ही सहाजणी घोळक्यानं चालत यायचो, मोबाईलचे लाईट लावून.

लक्ष्मीपूजन रविवारी होतं त्या वर्षी. १२ नोव्हेंबर. रोस्टरला सगळ्या बायांची नावं हिरवी. आम्ही कुणीच गेलो नाही. न ठरवता. दुसऱ्या दिवशी कुणी काही बोललं पण नाही.

घनसावंगीचा शेजारी
धागा काढणारे दादा कोणतं गाव? मी कुंभार पिंपळगावचा.

धागा काढणारा
तीर्थपुरीकडं. व्यनि (वैयक्तिक निरोप) करतो.

हबवर होतो
आता मी दुसऱ्या बाजूनं सांगतो, शिव्या द्यायच्या असतील तर द्या. मी हबवर, म्हणजे माल वाटायच्या गोदामावर, तीन सीझन रोस्टर बनवलंय.

रोस्टर रात्री उशिरा येतं कारण उद्या किती माल येणार हे आम्हालाच रात्री कळतं. सेल मध्यरात्री सुरू होतो, ऑर्डर पहिल्या दोन दिवसांत तुटून पडतात, पण तो माल भिवंडी, चाकणहून भरून आपल्याकडं यायला दोन ते पाच दिवस. म्हणून भिवंडीत रेटा संपत आला की मराठवाड्यात सुरू होतो. तिकडून गाडी सुटली की तिच्यात किती बॅगा, कोणत्या पिनकोडच्या, याचा मेसेज नऊ-साडेनऊला. त्यावर माणसं मोजायची. वरून हुकूम असतो की जास्तीचा माणूस बसून राहता कामा नये. आणि मी वीस जणांना बोलावलं तर पहाटे चौदा येतात, हे मला अनुभवानं माहीत. मग सहा स्टँडबाय ठेवल्याशिवाय मी काय करू?

गाडी उशिरा आली तर बसलेल्या वेळेचे पैसे द्यायला हवेत, हे मी तेव्हाही म्हणायचो. बिल ठेकेदाराचं, सही वरच्याची. आमच्या हातात फक्त रंग. हिरवा की पिवळा.

एक मात्र खरं. ज्यानं पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं की मला मंगळवार-गुरुवार प्रॅक्टिकल आहे, त्याला मी त्या दिवशी कधी घातला नाही. जे हो हो म्हणून येत नव्हते त्यांच्यामुळंच पिवळा रंग काढावा लागला. भाच्याला सांगा, तोंड उघड.

जालन्याचा गणपा
साहेब तुम्हीच का ते ज्यांनी मला भाऊबीजेला हिरवा केला 😡

हबवर होतो
मी जालन्याला नव्हतो हो. पण केला असता.

लातूर पॅटर्न नापास
मी नीटला रिपीट करत होतो अन् घरी न सांगता रात्री सॉर्टिंगला जायचो, एमआयडीसीत. दहा ते दोन. चांगलं होतं खरं तर, कारण आमच्याकडं गाडी संध्याकाळीच लागलेली असायची, वाट बघायची भानगड नाही. बॅग फोडायची, स्कॅन मारायचा, पिनकोड बघून पिंजऱ्यात टाकायचं. ४१३५१२ लातूर, ४१३५१७ उदगीर, ४१३५०१ धाराशिव. अंबाजोगाई बीड जिल्ह्यात, तिचा ४३१ नं सुरू होतो म्हणून तिचा पिंजरा पार पलीकडच्या भिंतीला. चार तास त्या भिंतीपर्यंत जाऊलालो येऊलालो. बायोलॉजीतलं काही आठवत नाही, पिनकोड झोपेत विचारा.

आष्टीकर
आमचं तर बोलूच नका. जिल्हा बीड अन् पिनकोड ४१४२०३, नगरच्या गटात. नवीन पोरगं असलं की बीड वाचून बीडच्या बॅगेत टाकतंय, पार्सल बीड बघून नगरला जाऊन मग आमच्याकडं. माझ्या बायकोची साडी दिवाळीची आली तुळशीच्या लग्नाला.

लातूर पॅटर्न नापास
ती मीच टाकली असल 🙏

बजाजनगरची ताई
साडी कशी निघाली पण?

आष्टीकर
रंग वेगळाच. बदलायला परत पाठवली, अजून येऊलालीय.

मोंढ्यातलं पोर
वडील जुन्या मोंढ्यात हमाल होते, मग जाधववाडीला. ते हे वाचून (मी वाचून दाखवलं) म्हणाले, यांचं माथाडी (हमालांचं) बोर्ड नाही का? आमच्या वेळी १९६९ चा माथाडी कायदा होता, आजही आहे. मजुरी बोर्डात जमा, तिथून हमालाच्या हातात, वर लेव्ही मालकाकडून, त्यात प्रॉव्हिडंट फंड, दवाखाना, बोनस. ट्रक उशिरा आला तर वाराई (माल उतरवायचे पैसे), मजुरी यावर टोळीचा मुकादम भांडायचा. मी म्हणलं आबा, इथं टोळी नाही, व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात फक्त ॲडमिनला लिहिता येतंय. ते बराच वेळ हसले. मग विचारलं, पाठीवर पोतं घेत्यात का? नाही म्हणलं, ट्रॉली असती. "मग चांगलंय की," म्हणले अन् झोपले.

पीएफवाली ताई, नांदेड
पैशाचं विचारलं नाही तरी एक लिहिते, कारण दरवर्षी माझ्याकडं पोरं येतात रडत. सीझनचा ठेकेदार पीएफ कापत असेल तर त्याला आधीचा यूएएन (पीएफचा कायमचा) नंबर द्या. नाहीतर दर दिवाळीला नवीन नंबर निघतो अन् दीड-दोन हजार रुपये चार ठिकाणी अडकून पडतात. काम सुटलं की ठेकेदारानं सोडल्याची तारीख भरली का ते बघा. तो भरत नसेल तर शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाले की स्वतः ऑनलाईन भरता येते, आधार जोडलेलं पाहिजे फक्त. आणि जास्तीच्या तासाचे पैसे दुप्पट दरानं असतात, चहा-वडापाव देऊन भागवायचं नसतं. पगाराच्या चिठ्ठीत 'ओटी' (ओव्हरटाईम) म्हणून वेगळी ओळ आहे का बघा.

परभणी जगात भारी
वडापाव तरी मिळाला तुम्हाला. आम्हाला पारले बिस्कीट, ते पण फुटलेल्या पार्सलमधलं नाही ना म्हणून खात्री करून 😅

फुटलेल्यावरून आठवलं. एकदा उटण्याचा बॉक्स फुटला बेल्टवर. बारक्या पुड्या, पन्नास तरी असतील. सगळ्या बॅगा, आमचे हात, स्कॅनरची काच, सगळीकडं तो पिवळा भुगा. काचेवर भुगा म्हणून स्कॅन बसेना, शर्टाच्या टोकानं पुसायचं अन् मारायचं. सकाळी रूमवर गेलो तर पार्टनर म्हणतो, अंघोळ करून आला का?

वैजापूरचा
अजून भरती चालू आहे का कुठं? १२ वी पास, गाडी आहे.

हबवर होतो
गाडी आहे हे गोदामात सांगू नका, डिलिव्हरीला टाकतील. सांगायचंच असेल तर पेट्रोलचं आधी ठरवा.

सोयाबीन २०२५
माझं थोडं वेगळं. आमच्याकडं पोरगं शिफ्टला अन् बाप रानात अशी ओढाताण दरवर्षी. सेल लागतो तेव्हाच सोयाबीन काढणी, दिवाळीच्या तोंडावर कापूस वेचणी. मजूर मिळत नाही म्हणून पोराला बोलवावं, तर तो म्हणतो रोस्टरला नाव आहे, न गेलो तर उद्यापासून पिवळा. २०१९ ला पण असंच, परतीचा पाऊस आला, पोरगा गोदामात, गंजीवर ताडपत्री टाकायला मी एकटा. यंदा तर काढायलाच काही राहिलं नाही. शेंगांना झाडावरच कोंब आले. त्यामुळं पोराला मीच म्हणलं, जा, दोन शिफ्ट कर. २०२५ च्या हंगामाला हमीभाव क्विंटलला ५३२८ केला म्हणे. कशाला लावायचा?

मोंढ्यातलं पोर
काका पंचनामा झाला का?

सोयाबीन २०२५
तलाठी येऊन गेला. फोटो काढले. बांधावरच चिखल होता, आत आला नाही.

जालन्याचा गणपा
काका तुमचं पोरगं कोणत्या गोदामात आहे? समृद्धीवरून नागपूरकडची गाडी येणारं असलं तर त्याला सांगा गाडी वेळेआधी येते आता, तिथली वाट बघायची कटकट कमी झाली. पण मग काम पण लवकर सुरू, चारच्या ऐवजी तीन.

बजाजनगरची ताई
दादा तुमच्या भाच्याला एक सांगा. दिवाळी झाली की संपलं असं समजू नको. भाऊबीजेनंतर परत आलेल्या मालाची लाट असते. माप बसलं नाही, पैसे नाहीत, घरी कुणी नव्हतं, सगळं उलटं येतं. आम्हाला तेव्हा सगळ्यात जास्त बोलावलं, अन् ठेकेदारानं निम्म्या पोरांना आधीच काढून टाकलेलं. जे उरले त्यांनी दुप्पट केलं. पेपर असतील तर आत्ताच शेवटची तारीख लिहून घे म्हणावं.

धागा काढणारा
हे मला माहीत नव्हतं ताई, मी लक्ष्मीपूजनाला सोडलं होतं. सांगतो.

हिंगोलीकर
विषय सोडून विचारतो, माफ करा. माझं पार्सल आठ दिवस झालं "हबमध्ये पोचलं" दाखवायलंय. पुढं सरकतच नाही. इथं जाणकार दिसतात म्हणून.

हबवर होतो
बॅगेच्या तळाला राहिलं असेल, रिकामी समजून बॅग बाजूला टाकली की असं होतं. फोन करून उपयोग नाही. सकाळी नऊच्या आत आधार कार्ड घेऊन हबवर जा, डिलिव्हरीवाले निघायच्या आधी. नंबर दाखवा, शोधून देतात.

हिंगोलीकर
गेलतो साहेब आज. वॉचमननं पार्सल काही दिलं नाही, भरतीचा फॉर्म दिला.