'निःसंदिग्धीकरण' या शब्दाला पर्याय आहे का?

मूळ विचारणा : गावांच्या नोंदी लिहिताना रायगड जिल्ह्यातील कर्जतचा मजकूर माझ्या हातून अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जतच्या नोंदीत गेला. पुन्हा असे होऊ नये म्हणून दोन्ही कर्जत एकत्र दाखवणारे पान करायचे आहे. मराठी विकिपीडियावर अशा पानाला 'निःसंदिग्धीकरण' म्हणतात. आयुष्यभर मराठी शिकवलेल्या माझ्या वडिलांनी हा शब्द दोनदा वाचला आणि असे मराठीत कोणी म्हणत नाही, असे सांगितले. मग काय म्हणावे?

प्रतिसाद १ : वडिलांचा मान राखून सांगतो, शब्द निर्दोष आहे. 'दिह्' या धातूचा अर्थ माखणे, लेपणे. संदिग्ध आणि संदेह हे दोन्ही त्यातूनच आले. माखलेले पुसून नाव स्वच्छ दाखवणे, असा अर्थ त्यात पुरेपूर उतरतो. केवळ उच्चाराला जड म्हणून तो टाकू नये. 'महापौर' हा शब्दही एके काळी नवाच होता.

प्रतिसाद २ : व्याकरणाबद्दल वाद नाही, पण हे क्रियेचे नाव आहे आणि आपल्याला पानाचे नाव हवे आहे. वाचक तेथे आपल्याला हवे असलेले कर्जत निवडायला येतो. हिंदी विकिपीडियाने 'बहुविकल्पी' हा शब्द घेतला, त्यात निदान वाचकाची बाजू दिसते. आपल्याकडे 'नामसाधर्म्य' हा रुळलेला शब्द असताना नवा घडवावाच का?

प्रतिसाद ३ : साधर्म्य म्हणजे सारखेपणा, येथे तर नाव अक्षरशः एकच आहे. मला 'नामभेद' जवळचा वाटतो.

प्रतिसाद २ : क्षमा असावी, पण नामभेद म्हटले की एकाच वस्तूची निरनिराळी नावे डोळ्यांसमोर येतात, म्हणजे नेमके उलटे.

प्रतिसाद ४ : हा प्रश्न आपल्या गावांनी कोशकारांच्या कितीतरी आधी सोडवला आहे. पुण्यात वडगाव बुद्रुक आणि वडगाव शेरी, मावळात वडगाव मावळ. पेशव्यांत थोरले माधवराव आणि सवाई माधवराव. कोणालाही कंस लागला नाही. शीर्षकेही अशीच असावीत.

प्रतिसाद ५ : लोकांनी विशेषण दिले असेल तेथे ते जरूर घ्यावे, पण कर्जतला ते दिलेले नाही आणि कोशात बसून आपण ते द्यावे हे मला मुळीच पटत नाही. अर्थात कंसात जिल्हा लिहिला तरी तो टिकेलच असे नाही, कारण कालपर्यंत तेथे अहमदनगर लिहिले जात होते. पुणे जिल्ह्यातील खेडची गुंतागुंत तर याहून मोठी आहे : शहर राजगुरुनगर झाले, तालुका मात्र खेडच राहिला, आणि रत्नागिरीचे खेड वेगळेच.

प्रतिसाद १ : बुद्रुक हे फारसी 'बुजुर्ग'चे रूप आहे. देशी म्हणून त्याची भलामण करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. खुर्द मात्र आपल्या 'क्षुद्र'वरून आला, असे माझे आजोबा सांगत.

प्रतिसाद ४ : खुर्दही फारसीच, 'लहान' या अर्थाचा, आणि म्हणून तो कमी मराठी ठरत नाही. सातबाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या लिहिला गेलेला शब्द परका कसा?

प्रतिसाद ३ : मी खुर्दातलीच आहे. आमच्या गावाची वस्ती शेजारच्या बुद्रुकपेक्षा आता मोठी आहे, तरी टपाल आजही 'खुर्द' लिहिल्यावरच बिनचूक पोहोचते.