'हाय राइज'ला आसन म्हणावं का? पुरुषांच्या कपड्यांचे आणि जोड्यांचे शब्द

पुरुषांच्या कपड्यांची मराठी वर्णनं लिहायचं काम सध्या माझ्याकडे आहे. शर्ट, पँटी, जॅकेटं, बूट. मूळ मजकूर इंग्रजी, आणि सोबत सूचना अशी की अवघड शब्द सरळ देवनागरीत उतरवा. त्याप्रमाणे मी लिहिलं, 'हाय राइज, टेपर्ड लेग, गसेटेड क्रॉच'. आणि ते काकांना वाचून दाखवलं. काकांनी इथे वडोदऱ्यात, रावपुऱ्यात, चाळीस वर्षं पाटलोणी शिवल्या. जी वस्तू जन्मभर हातात होती तिचंच वर्णन त्यांना कळेना. शेवटी पँट समोर धरून बोटाने दाखवलं, तेव्हा म्हणाले, "अरे, आसन म्हण की. आसन बारा इंची आहे, एवढंच ना?"

त्या दिवसापासून हा विषय डोक्यातून जात नाही, म्हणून इथे मांडतोय.

दोन्ही पाय जिथे जुळतात त्या शिवणीपासून कमरपट्टीच्या वरच्या कडेपर्यंतचं माप म्हणजे आसन. पुढचं आणि मागचं आसन वेगळं, मागचं नेहमी जास्त, कारण बसताना कापड मागेच लागतं. इंग्रजी शब्दात 'वर चढणं' आहे, आपल्या शब्दात 'बसणं' आहे. पँट अंगाला नीट बसते की नाही हे बसल्यावरच कळतं, म्हणून मला आपला शब्द जास्त नेमका वाटतो. 'हाय राइज'चं भाषांतर मी एका ठिकाणी 'उंच पँट' असं वाचलं आहे. त्यातून काहीच कळत नाही. 'आसन मोठं, कमरपट्टी बेंबीजवळ' असं लिहिलं तर कळतं.

काकांकडून आणखी बरंच मिळालं. बाही जिथे जोडतात तो गोल म्हणजे मुंढा. आजकाल चांगल्या कोटाच्या वर्णनात 'हाय आर्महोल' आवर्जून लिहितात. मुंढा काखेजवळ, वर घेतलेला असला की हात उचलल्यावर अख्खा कोट वर ओढला जात नाही. खोल मुंढ्यात हात सैल वाटतो, पण उचलला की कोटही सोबत उठतो. शर्टाच्या पुढच्या उघड्या कडेला, जिला इंग्रजीत प्लॅकेट म्हणतात, काका काजपट्टी आणि बटणपट्टी म्हणतात. दोन बाजूंना दोन नावं! इंग्रजीत एकाच शब्दावर भागवतात. आणि काज हा शब्द पोर्तुगीज 'काझा'वरून आला, म्हणजे घर. बटणाचं घर. आमचे गुजराती शेजारी त्यालाच गाज म्हणतात.

रॅग्लन बाहीला मात्र काकांकडेही शब्द नव्हता. तिला मुंढाच नसतो. बाहीचं कापड थेट गळपट्टीपर्यंत जातं आणि शिवण काखेतून तिरकी वर चढते. हे नाव लॉर्ड रॅग्लनचं. १८१५ साली वॉटर्लूच्या लढाईत त्याचा उजवा हात गेला होता. पुढे क्रिमियाच्या युद्धात तो ब्रिटिश सेनापती होता, आणि कार्डिगन स्वेटर ज्याच्या नावाचा तो लॉर्ड कार्डिगनही त्याच युद्धातला, बालाक्लाव्हा टोपीला नाव देणारं गावही तिथलंच. बालाक्लाव्हाला आपण माकडटोपी म्हणून कधीच आपलंसं केलं. रॅग्लन मी तसाच ठेवला.

माझे प्रश्न दोन. असे शब्द तुमच्या घरात, तुमच्या शिंप्याकडे आहेत का? आणि ते आजच्या वर्णनात वापरले तर वाचणाऱ्याला कळतील का?

इंदूरहून प्रतिसाद

आसन आमच्याकडेही आहे, हिंदीतही तेच. पण मोहरी विसरलात! पँटीच्या खालच्या तोंडाचा घेर म्हणजे मोहरी. इंदूरला राजवाड्याजवळ शिवायला दिलं की पहिला प्रश्न, "मोहरी कितनी रखूँ?" माझ्या सासूबाई नागपूरच्या. लग्नानंतर पहिल्यांदा माझ्यासोबत आल्या तेव्हा त्यांना वाटलं, फोडणीची मोहरी विचारतोय. इकडच्या हिंदीत फोडणीची ती राई, त्यामुळे आमचा घोटाळा होत नाही. तुमचं 'टेपर्ड लेग' म्हणजे मांडीपासून खाली निमुळता होत जाणारा पाय आणि मोहरी लहान. 'मोहरी साडेसहा इंच' लिहा, कापड सपाट ठेवून मोजलेली. काम झालं.

उलट अडचण लेंग्याची. आम्ही घरी लेंगा म्हणतो तो पुरुषांचा पायजमा. बाहेर हिंदीत लहंगा म्हणजे बायकांचा घागरा. माझ्या मुलाने शाळेत "बाबा लेंगा घालतात" असं सांगितलं आणि दोन दिवस रडत घरी आला. तेव्हापासून तो पायजमा म्हणतो. शब्द असे मरतात, आपण पाहत असतो.

खिशालाही आम्ही कधी कधी जेबच म्हणतो.

मूळ लेखक

लेंग्याच्या बाबतीत वडोदऱ्यात आम्ही सुखी आहोत, गुजरातीत लेंघो म्हणजे पुरुषांचाच. खमीस, पाटलून, खिस्सुं, हेही इथे जिवंत आहेत. मराठीतून खमीस जवळजवळ गेला, पण वाण्याकडे उभा असलो की आजोबांच्या वयाच्या गुजराती माणसाच्या तोंडून तो ऐकू येतो आणि आमच्या घरचा शब्द शेजाऱ्याने सांभाळून ठेवल्यासारखं वाटतं.

जेब आणि खिसा यांची जोडी मला फार आवडते. खिसा फारसी 'कीसा'पासून, म्हणजे थैली. जेब अरबी 'जैब', म्हणजे मुळात अंगरख्याचा गळ्यापाशी उघडा भाग. आपल्या ज्योतिषगणितातली 'जीवा' अरबीत 'जीब' अशी गेली, अरबी लिपीत स्वर लिहीत नसल्याने ती 'जैब' वाचली गेली, लॅटिनमध्ये तिचं भाषांतर 'सायनस' झालं, आणि शाळेत आपण शिकलो तो 'साइन' तिथून आला. विषयाबाहेरचं आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आत लपवलेल्या खिशासाठी 'चोरखिसा' आहेच. 'हिडन इनर पॉकेट' असं देवनागरीत लिहायला माझा हातच होत नाही.

दांडिया बाजारातून प्रतिसाद

माझं वय ७४. आमच्या लहानपणी आत घालायचा तो गंजीफ्रॉक. गुजराती लोक गंजीफराक म्हणत. नातू परवा मोबाइलवर एक जाड लोकरी स्वेटर दाखवत होता, नाव गर्न्सी. मला उच्चार ओळखीचा वाटला. या दोन शब्दांचा काही संबंध आहे का?

मूळ लेखक

आजोबा, संबंध आहे, आणि अगदी सख्खा आहे. गर्न्सी हे इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या खाडीतलं बेट. तिथल्या कोळ्यांचा घट्ट विणीचा लोकरी अंगरखा म्हणजे गर्न्सी, एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजीत 'गर्न्सी फ्रॉक'. तो विणलेला कपडा म्हणून इकडे आला, आणि उकाड्याच्या देशात लोकर गेली, सुती वीण उरली, बाहेरचा कपडा आत गेला. गर्न्सी फ्रॉकचा गंजीफ्रॉक झाला, पुढे नुसता गंजी. शेजारच्या जर्सी बेटाचं नावही असंच पसरलं.

नातवाला त्या स्वेटरमध्ये तीन गोष्टी बघायला सांगा. पुढची आणि मागची बाजू सारखीच असते, त्यामुळे उलटसुलट घालता येतो आणि कोपरं एकाच जागी झिजत नाहीत. खाली दोन्ही बाजूंना चीर असते. आणि काखेत चौकोनी तुकडा विणलेला असतो, हात मोकळा फिरावा म्हणून. त्या तुकड्याला इंग्रजीत गसेट. आपल्याकडे अंगरख्याला, सदऱ्याला हाच तुकडा लागायचा, त्याचं नाव चौबगला. माझ्या 'गसेटेड क्रॉच'चं उत्तर मला तुमच्या प्रश्नातून मिळालं. पँटीला 'बगल' नाही, म्हणून तिथे चौबगला म्हणता येणार नाही. पायजम्याच्या त्या जोडतुकड्याला हिंदीत मियानी म्हणतात, फारसी 'मियान' म्हणजे मध्य. मराठीत काका नुसतं 'जोड' म्हणतात. मी 'आसनात जोड' असं लिहिणार आहे.

जाकीट आणि जॅकेट यांचंही असंच बघा. इंग्रजी शब्द एकच, आपल्याकडे दोनदा आला. पहिल्यांदा आला तेव्हा बिनबाह्यांचं जाकीट झाला, सदऱ्यावर घालायचं. पुन्हा आला तो बाह्यांचं, चेनचं जॅकेट होऊन. कुणी 'जाकीट' हे 'जॅकेट'चं अशुद्ध रूप म्हणून दुरुस्त केलं तर मला खरोखर वाईट वाटतं. ते अशुद्ध नाही, तो वेगळा कपडा आहे.

विद्यापीठात वस्त्रशास्त्र शिकणारी, वडोदरा

मला एक हरकत घ्यायची आहे. माझ्या वयाचं कुणीही शोधताना 'आसन' टाइप करणार नाही. 'हाय राइज' करेल. तुम्ही इंग्रजी शब्द काढून टाकलात तर ती पँट सापडणारच नाही. दोन्ही लिहा.

आणि एक शब्द, जो मराठी माणूस हमखास चुकतो: काला कॉटन. कच्छमध्ये पावसाच्या पाण्यावर होणारा हा देशी कापूस. हल्ली भारतातल्या चांगल्या लेबलांच्या शर्टांवर, जॅकेटांवर हे नाव दिसतं, इलेव्हन इलेव्हन हे त्यातलं एक. पण काला म्हणजे काळा नाही! गुजरातीत कालुं म्हणजे कापसाचं बोंड. मी एका मराठी मजकुरात 'काळा सुती शर्ट' असं वाचलं, आणि फोटोत शर्ट पांढरट होता.

सेल्व्हेज डेनिमला मात्र मी काठ म्हणते. कापडाची दोन्ही टोकं जिथे मागावरच बांधली जातात, सुटत नाहीत, तो काठ. जुन्या धोट्याच्या मागावर विणलेलं अरुंद डेनिम असतं, त्याचा काठ पँटीच्या बाजूच्या शिवणीत आतून ठेवतात, आणि पाय दुमडला की लाल रेघ दिसते. साडीचा, धोतराचा काठ बघितलेल्या माणसाला हे एका वाक्यात कळतं. आमच्या वर्गात इंग्रजीतून समजवायला अर्धा तास गेला होता.

मूळ लेखक

हरकत मान्य. शीर्षकात 'हाय राइज', मापाच्या रकान्यात 'आसन'. काला कॉटनबद्दल मनापासून आभार, मीही काळाच समजत होतो.

डेनिमवरून आठवलं. १९९०च्या दशकात अहमदाबादच्या अरविंद मिलने 'रफ अँड टफ' नावाने जीन्सचं न शिवलेलं पाकीट काढलं होतं. कापड, चेन, रिव्हेट, सगळं आत, शिवायची आपल्या शिंप्याने. काकांनी त्या पुष्कळ शिवल्या. म्हणजे जीन्सचा प्रत्येक भाग तेव्हा मराठी-गुजरातीत बोलला जात होता. तयार कपडा आला तसे शिंप्याशी होणारे बोलणे संपले आणि शब्दांना बसायला जागा राहिली नाही.

आता माझी अडलेली जागा. 'शेल' आणि 'लायनिंग'. लायनिंग म्हणजे अस्तर, प्रश्न नाही. बाहेरच्या कापडाला फारसीत 'अब्रा', मराठीत अभ्रा. अभ्रा-अस्तर ही खरी जोडी. पण आज अभ्रा फक्त उशीला उरला. जॅकेटचा अभ्रा म्हटलं तर चालेल?

इंदूरहून पुन्हा

नाही चालणार. मला झोप आठवेल. 'बाहेरचं कापड' लिहा. मात्र वॅक्स्ड कॉटनला मेणकापड म्हणा, कृपा करून. बारबर या ब्रिटिश कंपनीच्या जॅकेटचं कापड म्हणजे दुसरं काय? सुती कापड मेणात मुरवलेलं, मेण उडालं की पुन्हा चोळायचं.

मूळचा कोल्हापूरचा, आता वडोदरा

जोड्यांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. जोडा ज्यावर चढवून बनवतात त्या लाकडी साच्याला कालबूत म्हणायचे, आता कारखान्यांत फर्मा. 'लास्ट' असं देवनागरीत लिहू नका, लोक 'शेवटचा' समजतील.

'गुडइयर वेल्ट' या जोडा शिवायच्या पद्धतीचा टायरशी संबंध जोडू नका. हे नाव धाकट्या चार्ल्स गुडइयरचं, रबर पक्कं करणाऱ्या गुडइयरचा मुलगा. वरचं चामडं आणि आतला तळ यांना कडेने एक चामड्याची पट्टी शिवतात, आणि बाहेरचा तळ त्या पट्टीला शिवतात. तळ झिजला की टाके उसवून नवा लावता येतो, वरच्या चामड्याला धक्का लागत नाही. या पट्टीला मराठीत काय? काही जण गोट सुचवतील. मला पटत नाही. गोट शोभेचा असतो, निघाला तरी कपडा राहतो. वेल्ट निघाली तर जोडा राहत नाही. 'वेल्टची पट्टी' म्हणा.

आणि नाव का जपायचं ते सांगतो. जून २०२५मध्ये मिलानला प्राडाने पुरुषांच्या कपड्यांच्या प्रदर्शनात ज्या चपला दाखवल्या, त्यांना नुसतं 'चामड्याचे सँडल' म्हटलं. बघणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला ती कोल्हापुरी ओळखू आली. २०१९पासून या नावाला भौगोलिक निर्देशनाचं संरक्षण आहे, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांसाठी. ओरड झाली, मग कंपनीने भारतीय कारागिरीचं ऋण मान्य केलं. माझ्या आजोबांकडे चपलेच्या प्रत्येक भागाला नाव होतं. बाजूचे कान, पुढचा अंगठा, वरचा पट्टा. तुमच्या वर्णनात कोल्हापुरी आली तर 'साइड फ्लॅप' लिहू नका. कान लिहा.

मूळ लेखक

कान लिहिलं. कालबूतही लिहिलं, कंसात साचा. अभ्रा सोडला, मेणकापड घेतलं.

आज पहिली वीस वर्णनं पाठवली. मापाच्या रकान्यात चार ओळी आहेत: कंबर, आसन, मांडी, मोहरी. पाठवण्यापूर्वी काकांना वाचून दाखवली. त्यांनी चश्मा चढवला, पँट टेबलावर पसरली, आणि टेप घेऊन मोहरी स्वतः मोजली. पाव इंच चुकली होती, ती दुरुस्त केली.