करार झाला, डिपॉझिट गेलं, पण घराचा ताबा मिळेना. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात फ्लॅट भाड्याने ठरवला. ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार ऑनलाइन नोंदवला, अंगठे दिले, ४० हजार डिपॉझिट मालकांच्या खात्यावर टाकलं. १ तारखेला टेम्पो घेऊन गेलो तर दाराबाहेर जुन्या भाडेकरूच्या चपला आणि आत कुकरची शिट्टी! मालक म्हणाले, "आठवडाभर थांबा, ते जातील." आज तिसरा आठवडा. आता फोनही उचलत नाहीत. सामान बहिणीच्या जिन्याखाली पडलंय, सासूबाईंना रोज ते तीन मजले चढवत नाहीत.

भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत लागतो, तो आमच्याकडे आहे. पण ताबा उशिरा मिळाला तर काय, हे त्यात लिहिलेलंच नाही.

वकिलाची नोटीस पाठवून ताबा मागावा, की करार रद्द करून डिपॉझिट व्याजासकट मागावं? टेम्पोचा खर्च धरता येतो का? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना मोफत वकील मिळतो. सोलापुरात कुणी तिथे अर्ज केलाय का? सोबत कोणते कागद न्यावेत? कृपया अनुभव असलेल्यांनी सांगा.