इताकेराला सामना पाहायला जाताना
कोरिंथियन्स या ब्राझीलमधल्या साओ पाउलोच्या फुटबॉल क्लबचं मैदान इताकेरा भागात आहे. छापील तिकीट दाखवून तिथे शिरता येईल का? नाही येणार. ब्राझीलमध्ये 20,000पेक्षा जास्त क्षमतेच्या मैदानांत जून 2025पासून चेहरा ओळखूनच आत सोडतात. म्हणून आधी फोटो नोंदवा. टोपी-गॉगल काढून, उजेड समोरून घेऊन, नाहीतर नोंदणी अडते. साओ पाउलो मेट्रोची लाल लाइन 3 पकडा, शेवटचं स्टेशन.

उत्तरेकडच्या स्टँडमध्ये 1969 साली स्थापन झालेली 'गावियोंइस दा फिएल' ही पाठीराख्यांची संघटना असते. तिथे खुर्च्याच नाहीत. पूर्ण नव्वद मिनिटं उभं राहून गायचं. खरा कोरिंथियन्स तिथेच भेटतो! आणि हिरवं काही घालू नका, अगदी मोजेसुद्धा. तो पाल्मेइरासचा, म्हणजे शहरातल्याच प्रतिस्पर्धी क्लबचा रंग. या दोघांच्या लढतीला तर 2016पासून पाहुण्या पाठीराख्यांना प्रवेशच नाही.