बांधावर या म्हणता? चला, बांधावरूनच बोलू

शहापूरकर: काल एकानं लिहिलं, "विज्ञानाला सरकारी पैसा मागत फिरणाऱ्यांनी आधी शेतकऱ्याच्या बांधावर यावं. चांद्रयानानं पोट भरत नाही." रात्रभर डोक्यातनं जाईना. चिकोडी-निपाणीकडं शेतात ऊस कुठला? बहुतेक 'को ८६०३२' वाणाचा. त्यातलं 'को' म्हणजे कोइमतूर, तिथलं १९१२ पासूनचं सरकारी ऊस पैदास केंद्र. एक वाण निघायला दहा-बारा वर्षं जातात. तेवढी वर्षं कुठला व्यापारी पगार देत बसेल? २०२०-२१ मध्ये देशानं संशोधनावर जीडीपीच्या ०.६४ टक्के घातले. २०१७ च्या ऑगस्टात शास्त्रज्ञ रस्त्यावर उतरले ते ३ टक्के मागायला. काय चुकलं त्यांचं?

निपाणीकर: लिहिणारा मीच. ऊस ८६०३२ च आहे, कबूल. पण वाण देऊन झाल्यावर शास्त्रज्ञ परत दिसला का? गेल्या साली हुमणी लागली, मुळं खाणारी अळी. उभा ऊस धरून ओढला की मुळाशिवाय हातात यायचा. दीड एकर गेलं. माती तपासायला दिली, अहवाल आला तोडणी झाल्यावर. तुमचे ३ टक्के बेंगळुरातच जिरणार.

उद्यमबाग: मी तेवीस वर्षं फाउंड्रीत आहे. एकदा पंप-बॉडीच्या अख्ख्या लॉटला ब्लोहोल, म्हणजे ओतकामात वायू अडकून पडलेली भोकं. वाळू ओली की धातू थंड, आठ दिवस आम्ही एकमेकांवर ओरडत होतो. शेवटी कॉलेजातल्या एका सरांनी वाळू तपासली. वाळू बांधून ठेवणारी माती, बेंटोनाइट, जास्त पडत होतं, वायूला बाहेर पडायला वाटच नव्हती. ते तपासायचं मशीन सरकारी अनुदानातलं. सगळं बेंगळुरात जिरत नाही, अण्णा.

खानापूरची लेक: पैसा आला तरी आमच्या पोरांपर्यंत पोचणार कसा? माझ्या भावानं ओढ्याच्या पाण्यावर दिवा लावणारं चाक केलं होतं. सायकलचा डायनॅमो, पत्र्याच्या डब्याची पाती. विज्ञान प्रदर्शनाची सूचना शाळेत आली ती फक्त कन्नडमध्ये. कुणी नीट वाचली नाही, तारीख टळली. चाक अजून माळ्यावर पडलंय.

टिळकवाडी: आला सीमाप्रश्न! कुठलाही विषय काढा, गाडी इथंच. कन्नड शिका की. मी शिकलो. व्हीटीयू, इंजिनिअरिंगचं विद्यापीठ, १९९८ पासून आपल्याच बेळगावात आहे, तिथले पेपर इंग्रजीत. तिथं मराठी काय कामाची?

खानापूरची लेक: दादा, कन्नड मला तुमच्याइतकंच येतं, आमचा बाजार त्यावरच चालतो. मी सहावीतल्या पोराबद्दल बोलतेय. पुस्तकात 'घनता', सूचनेत 'सांद्रते', पुढं कॉलेजात 'डेन्सिटी'. लाकूड का तरंगतं हे त्याला पक्कं ठाऊक असतं, आणि शब्दापाशी अडकून ते गप्प बसतं. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतनं मिळावं म्हणणारं घटनेतलं ३५० अ कलम काय शोभेला आहे? पहिली पायरी मातृभाषेतनंच चढता येते.

टिळकवाडी: शोभेला वगैरे मी म्हटलेलं नाही, माझ्या तोंडी घालू नका. सहावीच्या पोराचं मान्य. बाकीचं नाही.

शहापूरकर: दोघंही थांबा. २०२३ च्या कायद्यानं राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आलं. ५ वर्षांत ५०,००० कोटी म्हणाले, त्यातले ३६,००० कोटी सरकारच्या तिजोरीबाहेरनं यायचे. म्हणून निवेदन काढतोय. आपल्या भागाकडनं कुणी मागितलंच नाही तर इकडं काय येणार?

निपाणीकर: काढा. पण हुमणी आणि माती तपासणी पहिल्या पानावर पाहिजे, नाहीतर सही करणार नाही. आणि ताईचं ऐका, मराठीतही छापा. माझे वडील वाचल्याशिवाय कशावर अंगठासुद्धा लावत नाहीत.