'नॉन-लीग क्लब'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न: इंग्लंडच्या ब्लिथ स्पार्टन्स या फुटबॉल क्लबच्या इतिहासावर मराठीत लिहितेय आणि 'नॉन-लीग'पाशी अडलेय. 'बिगरलीग' चालेल का, की सरळ 'हौशी क्लब' लिहू?

उत्तर: 'बिगरलीग' घडणीला मराठीच आहे, बिगरमानांकित वगैरे आपण पेपरात रोज वाचतो, पण वाचणाऱ्याला वाटेल की हा क्लब कुठल्याच लीगमध्ये नाही, आणि ते साफ चूक. यातली 'लीग' म्हणजे एकच, १८८८ मध्ये १२ क्लबांनी सुरू केलेली फुटबॉल लीग. ब्लिथ १९६४ पासून नॉर्दर्न लीगमध्ये खेळत होता, ती लीग १८८९ची, म्हणजे थोरलीपेक्षा एकाच वर्षाने धाकटी, तरी क्लब नॉन-लीगच. बिगरशेती जमीन जमीनच असते ना, तसंच हे. १९९२ला प्रीमियर लीग वेगळी निघाली तेव्हापासून तर शब्दाचा अर्थ व्यवहारात 'वरच्या चार स्तरांतल्या ९२ क्लबांच्या खालचा' एवढाच उरलाय, नाहीतर फुटबॉल लीग सोडून प्रीमियर लीगमध्ये गेलेल्या मँचेस्टर युनायटेडलाही नॉन-लीग म्हणावं लागलं असतं.

'हौशी' मात्र नकोच. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने हौशी आणि व्यावसायिक हा अधिकृत भेदच १९७४ला काढून टाकला. तुमच्या क्लबचा गाजलेला सीझन १९७७-७८चा, तेव्हा ॲलन शोल्डर कोळशाच्या खाणीत काम करून खेळायचा, अशा खेळाडूंना 'अर्धव्यावसायिक' म्हणा, आणि तो १९७८च्या डिसेंबरमध्ये फुटबॉल लीगमधल्या न्यूकॅसल युनायटेडकडे गेला हेही लिहा, म्हणजे दर्जा काय होता ते कळेल.

प्रश्न: पण एवढे चांगले होते तर वरच्या लीगमध्ये का नाही गेले? हरलेले म्हणून नॉन-लीग असा अर्थ निघतो का?

उत्तर: नाही, आणि हा मुद्दा लेखात यायलाच हवा! तेव्हा खालून वर जायला नुसतं जिंकून भागायचं नाही. फुटबॉल लीगचे तळाचे क्लब फेरनिवडणुकीला उभे राहायचे आणि मतदान करणारे लीगचेच क्लब, म्हणजे आतल्यांनीच ठरवायचं आत कोण येणार. १९७८ला साउथपोर्ट गेला आणि विगन आला तो मतांवर. आपोआप बढती १९८७ला सुरू झाली, पहिला मान स्कारबरोचा. म्हणून 'कनिष्ठ', 'दुय्यम' असले शब्द मला अन्यायाचे वाटतात, दार बंद होतं म्हणून बाहेर असलेल्याला कमी लेखल्यासारखं होतं. 'नॉन-लीग' तसाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात उलगडा करा.

प्रश्न: बरं. आणि 'रिप्ले'? टीव्हीवरचा वाटतोय.

उत्तर: 'फेरलढत'. एफए कपात, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेच्या बाद फेऱ्यांच्या स्पर्धेत, सामना बरोबरीत सुटला की पूर्ण सामना पुन्हा व्हायचा, आता पहिल्या मुख्य फेरीपासून ती पद्धत बंद झालीय. ब्लिथच्या बाबतीत हा शब्द टाळताच येणार नाही. १९७७-७८च्या त्या सीझनला चौथ्या फेरीत त्यांनी स्टोक सिटीला त्यांच्याच मैदानावर ३-२ हरवलं, पाचव्यात रेक्सहॅमविरुद्ध अगदी शेवटपर्यंत १-० पुढे होते, तेव्हा रेफरीने कॉर्नर पुन्हा घ्यायला लावला कारण कोपऱ्यातला झेंडा पडला होता, आणि त्यावर बरोबरी झाली. फेरलढत न्यूकॅसलच्या सेंट जेम्स पार्कवर, ४२ हजारांवर लोक, ब्लिथ २-१ने हरला. जिंकले असते तर पुढे घरच्या मैदानावर आर्सेनल होतं, अजून वाचताना वाईट वाटतं.

आणि एक कळकळीची विनंती, इतिहास लिहिताय तर पुरुषांवर थांबू नका. पहिल्या महायुद्धात ब्लिथ गावच्या गोदीत दारूगोळा हाताळणाऱ्या बायकांनी याच नावाने टीम काढली होती, १९१८च्या म्युनिशनेट्स कपचा (दारूगोळा कामगार बायकांच्या स्पर्धेचा) अंतिम सामना बरोबरीत सुटला तोही सेंट जेम्स पार्कवरच, मग मिडल्सबरोच्या फेरलढतीत त्यांनी बोल्कॉ वॉन या पोलाद कंपनीच्या टीमला ५-० धुतलं, बेला रे या खाणकामगाराच्या मुलीची त्यात हॅटट्रिक. १९२१ला संघटनेने आपल्या क्लबांच्या मैदानांवर बायकांच्या सामन्यांना बंदीच घातली. या टीमला 'महिला शाखा' लिहू नका, त्या क्लबाच्या कारभाराखाली नव्हत्या, 'ब्लिथ स्पार्टन्सच्या दारूगोळा कामगार मुली' असं पूर्ण लिहा, लांब झालं तरी चालेल.