इग्बो लेकीचं माहेर: मान मोठा की वाटा?

एनुगूकर
नोकरीमुळे नायजेरियात, इग्बो लोकांच्या भागातल्या एनुगू शहरात राहतो. परवा एका सहकाऱ्याच्या वडिलांच्या अंत्यविधीसाठी अनाम्ब्रा राज्यातल्या त्याच्या गावी गेलो होतो. दुपारी भावकीतल्या सगळ्या लग्न झालेल्या लेकी आल्या. त्यांना 'उमुआडा' म्हणतात. एकाच छापाचं कापड नेसलेल्या पंचवीस-तीस बायका मांडवात येऊन बसल्या आणि बसल्याच. बोकड, तांदळाची पोती, ताडी सगळं समोर आणून ठेवलं, तरी एकीनेही हात लावला नाही. कारण घरातले दोन भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. सर्वांत वयस्कर आत्याबाई म्हणाल्या, आधी हे मिटवा. ओनित्शाच्या बाजारात मोठं दुकान चालवणारा थोरला भाऊ त्यांच्यापुढे मान खाली घालून उभा होता! तासाभरात भांडण मिटलं, मग बोकड स्वीकारला गेला.

आपल्याकडे माहेर म्हणजे साडीचोळी आणि चार दिवसांचा आराम. इथे लेक परक्या गावात नांदत असली तरी बापाच्या घरात तिचा शब्द चालतो. पहिली लेक, म्हणजे 'आडा', हिचा तर रुबाबच वेगळा. लेकीला जपणं म्हणजे काय, हे यांच्याकडून शिकावं असं माझं मत.

माजघर
वर्णन झकास, पण दादा, जमिनीचं काय? रूढीप्रमाणे बापाची जमीन मुलग्यांना जाते, लेकीला नाही. उकेजे खटला वाचा. बाप 1981 मध्ये लागोसला मृत्युपत्र न करता वारला, मुलीने वाटा मागितला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला 2014 मध्ये. तेहतीस वर्षं! लेकीला वगळणारी ही रूढी घटनेविरुद्ध आहे असं न्यायालयाने सांगितलं, तेव्हा कुठे. बोकड मिळतो, बांध मिळत नाही. आणि आलेल्या पाहुण्यांसमोर कोला-बी, म्हणजे पाहुणचाराची मानाची बी, फोडायचा मान तरी त्या आत्याबाईंना आहे का? तो पुरुषांचाच.

एनुगूकर
कोलाचं खरं आहे. पण निकाल लागला म्हणून गावात सातबारा बदलतो असं समजू नका. गावात चालते ती भावकी, 'उमुन्ना', आणि तिला वेसण घालू शकतात त्या उमुआडाच. त्या रुसून निघून गेल्या तर अंत्यविधीची शोभा गेली, घराण्याची नाचक्की झाली. ही ताकद कोर्टाच्या कागदात नाही.

अडकित्ता
ताकद आहे, मान्य. पण ती कोणावर चालते ते सांगा की! त्याच मांडवात मेलेल्याची बायको कुठे बसली होती, पाहिलंत का?

विधवेचे केस भादरणं, तिला जमिनीवर बसवणं, ती पुरेशी रडते की नाही यावर नजर ठेवणं, ही कामं बऱ्याच गावांत याच नणंदा करत आल्या आहेत. आता पुष्कळ ठिकाणी कमी झालंय, चर्चनेही विरोध केला, पण इतिहास पुसता येत नाही. गंमत अशी की प्रत्येक उमुआडा स्वतः दुसऱ्या गावात कुणाची तरी भावजय असते. माहेरी वाघीण, सासरी गरीब गाय. 2014 मध्येच सर्वोच्च न्यायालयापुढे आव्काच्या एका विधवेचं प्रकरण होतं. मुलगा नाही म्हणून तिला नवऱ्याच्या घरातून काढलं होतं. न्यायालय तिच्या बाजूने उभं राहिलं. अशा वेळी त्या घरच्या लेकी कोणाकडून असतात? भावकीकडूनच की.

शंकासुर
लाडाच्या लेकीचा आणखी एक नमुना. न्नेवी भागात 'न्राची' नावाची चाल होती. बापाला मुलगा नसला की एका लेकीला घरीच ठेवून घ्यायचं. तिने लग्न करायचं नाही, पण मुलं व्हायला हवीत, आणि तिचे मुलगे बापाचे वारस. आता याला जपणं म्हणायचं की गहाण ठेवणं? 2000 साली अपील न्यायालयाने ही रूढी अमान्य केली.

एनुगूकर
न्राचीचं समर्थन कोणीच करणार नाही. अडकित्ता ताई, तुमचा मुद्दा मात्र बोचला. सहकाऱ्याची आई आतल्या खोलीत होती, मी मांडवातच होतो. तरी म्हणेन, याच समाजातल्या बायकांनी 1929 मध्ये आबा भागात कराच्या भीतीने इंग्रज सरकार हादरवलं. एकत्र येऊन दारात ठाण मांडायची सवय अंगात मुरलेली होती म्हणूनच ते जमलं.

माजघर
इंग्रजांच्या दारात बसता येतं, भावाच्या दारात वाट्यासाठी बसता येत नाही, एवढंच म्हणतेय मी.

नदीकाठ
फार हसू नका त्यांना. महाराष्ट्रात 1994 पासून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क आहे, देशभर 2005 पासून. तरी हक्कसोडपत्रावर सही करून येणाऱ्या बहिणी प्रत्येकाच्या घरात सापडतील. माझ्या आईने केली. मामा दिवाळीला साडी पाठवतो. भावांचं भांडण मिटेपर्यंत मांडवात अडून बसायचा अधिकार तिला कोणी दिलेला नाही.

अडकित्ता
म्हणून तो साडीपेक्षा बरा, एवढं मान्य. वाट्यापेक्षा बरा, हे नाही.